भोंगा आणि बाईंचा आवाज

पडदा वर जातो तेव्हा दुपार आहे. डाव्या हाताला, खिडकीखाली लोखंडी पलंग. त्यावर भिंतीकडे तोंड करून एक बाई झोपली आहे. तिची पाठच काय ती दिसते, आणि उशीवरून खाली लोंबणारी पांढरी वेणी. उजव्या हाताला टेबल, त्यावर संगणकाची पेटी. पेटीच्या एका बाजूचा पत्रा काढून भिंतीला टेकवलेला आणि आतल्या वायरी आतड्यांसारख्या बाहेर आलेल्या. टेबलापाशी गुडघ्यांवर बसलेला उंच, वाळका म्हातारा. त्याने स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पेटीत कुठेतरी टेकवलं आहे आणि दुसरं टोक स्वतःच्या कानाला लावलं आहे. डोळे मिटलेले. डॉक्टर छाती तपासतात तसा तो मशीन ऐकतो आहे.

दारातून प्रवेश माझा. काखेत जावयाचा लॅपटॉप. जिना चढून धाप लागलेली, कारण फोनवर त्याचा आवाज ऐकल्यावर मी हातातलं काम टाकून निघाले होते.

"ताई, आधी चपला काढ आणि मग हलू नकोस," तो डोळे न उघडता म्हणाला.

"काय ऐकतोयस?"

"ठोके. आता चुकायला लागलेत."

हा आमच्या नाटक कंपनीचा ध्वनीवाला. त्याला सगळे भोंगा म्हणायचे. भोंगे बांधायच्या कामावर कंपनीत आला म्हणून, आणि स्वतः इतकं हळू बोलायचा की शेजारच्यालाही "काय म्हणालास?" विचारावं लागायचं, म्हणूनही. विंगेत, पडद्याच्या दोरांना लागून त्याचं टेबल असायचं. वीज कडाडली, घोडे दौडले, आगगाडी सुटली, पाळण्यातलं मूल रडलं की समजावं, भोंग्याने बोट हलवलं. मी आधी सखीची कामं करायचे, मग आईची, मग सासूची. आमच्याकडे बायकांना बढती अशीच मिळायची. आत-बाहेर करताना दर वेळी त्याच्या टेबलावरून जावं लागे, आणि तो मान वर न करता पाय तेवढे आखडून घेई.

पलंगावरची ती आमची नायिका. कंपनीत तिला बाई म्हणत, मालकसुद्धा. काय आवाज होता तो. कुजबुजली तरी माडीवरच्या शेवटच्या रांगेतला माणूस पुढे सरकून बसायचा. वयाने ती भोंग्यापेक्षा मोठी. लग्नाचं तिनेच विचारलं. कपडेपटात सगळ्यांसमोर म्हणाली, "हा माणूस माझं प्रत्येक वाक्य ऐकतो. असा नवरा तुमच्यापैकी कुणाला मिळालाय का सांगा." आम्ही बायका एकमेकींकडे बघत राहिलो. कुणालाच मिळालेला नव्हता.

लग्नानंतरही तो तिला बाईच म्हणायचा, आणि अहो-जाहो करायचा. ती त्याला अरे भोंग्या. आम्ही त्याला छळायचो, "घरी पण विचारतोस का रे, बाई, तुमची एंट्री कधी?"

तो म्हणायचा, "घरी त्यांना एंट्री लागत नाही. त्या असतातच."

मग कंपनी बंद पडली, सगळे पांगलो. आणि काही वर्षांनी बाईंना झटका आला. उजवी बाजू गेली आणि शब्द गेले. समजायचं सगळं. कोण खोटं बोलतंय, कोण उगाच सांत्वन करतंय, डोळ्यांतून लगेच कळायचं. पण तोंडातून फक्त एक घोगरा हुंकार. मानही ताब्यात राहिली नाही. ती आपली सारखी डुलत असायची, त्यामुळे होकार कुठला आणि नकार कुठला हे ओळखायची सोय नव्हती. दवाखान्यातून चित्रांचा एक पुठ्ठा मिळाला होता. पेल्याचं चित्र, ताटाचं चित्र, पलंगाचं चित्र. हवं त्यावर बोट ठेवायचं. बाईंनी तो डाव्या हाताने भिरकावला. नेम चांगला होता, खिडकीतून बाहेर जाता जाता राहिला.

तेव्हा भोंग्याने माळ्यावरून जुन्या नाटकांच्या टेपा काढल्या. त्यांना बुरशी लागलेली, वाजवता वाजवता तुटत होत्या. त्या त्याने कंपनीच्या शेवटच्या वर्षांत विंगेत वापरलेल्या या संगणकात उतरवून घेतल्या आणि मग कित्येक महिने बसून बाईंच्या संवादांतून एकेक शब्द कापून काढला. जुन्या कीबोर्डाचं आतडं काढून फळीवर मोठी, गोल बटणं बसवली, प्रत्येकावर एक चित्र. बाईंनी डाव्या हाताने बटण दाबलं की स्पीकरमधून त्यांचाच आवाज.

काय मजा होती ती. 'पाणी' हा शब्द राणीच्या मरणाच्या प्रवेशातला. त्यामुळे बाई साधा पेलाभर पाणी मागायच्या तेसुद्धा रणांगणावर शेवटचा श्वास घेत असल्यासारखं, आणि नवखा पाहुणा असेल तर धावत सुटायचा. 'जा' शापातला होता. तो ऐकून एकदा गॅसवाला पावती न देता खरंच निघून गेला. चहा मात्र कुठल्याच राणीने मागितलेला नव्हता. मग 'चल'मधला च आणि 'हाक'मधला हा जोडला. मध्ये एक झटका बसायचा, 'च'ला ठेच लागल्यासारखा. आणि 'भोंगा' तर कुठल्या नाटककाराला सुचणार? 'भोंदू'तला भों घेतला, 'गाणं'मधला गा घेतला. तो पहिल्यांदा वाजला तेव्हा बाई अर्ध्या चेहऱ्याने हसल्या होत्या. मी बघितलंय. नंतर दिवसभरात सगळ्यांत जास्त वाजायचं ते बटण तेच. काही हवं नसलं तरी.

हा सगळा आवाज त्या पेटीत होता, आणि ती पेटी त्या आठवड्यात एका सकाळी सुरू झाली नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ आली आणि आतून टक्, टक्. बाईंनी सकाळभर बटणं दाबली. सगळी दाबून बघितली. मग फळी बाजूला सारली आणि भिंतीकडे तोंड केलं. तेव्हापासून पोटात घोटभर पाण्याखेरीज काही नव्हतं. चमचा पुढे केला की ओठ घट्ट. डॉक्टरीणबाई बघून गेल्या आणि दारात उभ्या राहून म्हणाल्या, "उद्या सकाळपर्यंत खाल्लं नाही तर दवाखान्यात न्यावं लागेल. नाकातून नळी घालू."

भोंग्याने ते सांगितलं आणि पुढे म्हणाला, "त्या नळी काढतील. डाव्या हाताने उपटतील. मग हात बांधतील त्यांचा."

मी म्हटलं, "अरे पण तू तर प्रयोगाच्या टेपांच्या दोन-दोन प्रती करायचास. एक टेबलावर, एक खिशात. याची प्रत नाही?"

"घरात कुठे प्रयोग असतो, ताई," तो म्हणाला. "उद्या करू, उद्या करू असं करत राहिलो."

संगणकवाला बाहेरगावी गेला होता, पण जाताना एक सीडी देऊन गेला होता. आतली डिस्क म्हातारी झाली आहे, तिच्यावरून मशीन सुरू करू नका, असं त्याने बजावलं होतं. ही सीडी बाहेरच्या ड्राइव्हमध्ये घाला, मशीन त्या सीडीवरून सुरू करा, म्हणजे आतल्या डिस्कला फार न दमवता फाइली पेन ड्राइव्हवर काढून घेता येतील. काढलेल्या फाइली वाजवायला दुसरं यंत्र हवं, म्हणून मला लॅपटॉप घेऊन बोलावलं होतं. मशीनचा स्वतःचा सीडी-ड्राइव्ह कधीच मेला होता, पण दौऱ्यांच्या काळातला एक बाहेरून लावायचा ड्राइव्ह भोंग्याकडे होता. सगळं सोपं होतं. फक्त मशीन त्या ड्राइव्हकडे ढुंकून बघत नव्हतं.

"बघ," तो म्हणाला आणि बटण दाबलं. पंखा घुमला. तो कीबोर्डावरची एक कळ एकसारखी दाबत राहिला. निळा पडदा आला, त्यावर मशीनने कुठून सुरू व्हायचं त्याची यादी. यादीत आतली डिस्क होती, पेन ड्राइव्ह होता. बाहेरचा ड्राइव्ह नव्हताच. आणि तेवढ्यात आतून टक्, टक्, टक्. त्याने झटकन वीज बंद केली. कपाळावर घाम होता.

"दर वेळी आतली डिस्क जागी होते आणि डोकं आपटते," तो म्हणाला. "किती वेळा आपटणार?"

त्याने सीडी बाहेर काढून मऊ फडक्याने पुसली, मधून बाहेर, सरळ रेषेत. पुन्हा घातली. पुन्हा तेच. ड्राइव्हची वायर पुढच्या भोकातून काढून मागच्या भोकात लावली. पुन्हा तेच, आणि आतली टकटक आता लांबून कुणी दार ठोठावल्यासारखी. मी पलंगाकडे बघितलं. बाईंची पाठ हलत नव्हती, पण प्रत्येक टकटकीला वेणीचं टोक थरथरायचं. त्या जाग्या होत्या. सगळं ऐकत होत्या.

"ती सीडीच खराब असेल," मी म्हटलं.

"तुझ्या लॅपटॉपलाही हा ड्राइव्ह लावून बघितला ना मघाशी, तिथेही दिसला नाही. आणि त्याला स्वतःचं सीडीचं तोंडच नाही. हल्लीच्या मशीनना तोंडच नसतं." मग ड्राइव्हकडे बघून म्हणाला, "माझं मेलं आहे तोंड असून."

मी कधी त्याच्या तोंडून शिवी ऐकली नव्हती. ही त्याची सर्वांत मोठी शिवी असावी.

शेवटी संगणकवाल्याला फोन लावला आणि फोन टेबलावर ठेवून त्याचा आवाज मोठा केला.

"काका, यादीत दिसत नाही म्हणजे ड्राइव्ह मशीनला कळतच नाहीये," संगणकवाला म्हणाला. मागे भांड्यांचा आवाज होता. जेवताना उठून आला होता बहुतेक. "सुरू करताना बीप किती वाजतात?"

"बीप वाजत नाही."

"एकही नाही?"

"आतला छोटा स्पीकर मी काढून टाकलाय."

"का?"

"मरणाच्या प्रवेशात वाजला होता. लोक हसले."

"बरं. ते जाऊ द्या. ड्राइव्हवरचा दिवा लागतो का?"

"दिवा नाही त्याला."

"काका, दिवा असतोच."

"माझ्या ड्राइव्हला नाही. इतकी वर्षं वापरलाय. मला माहीत नसेल?"

"सीडी ज्या बाजूने आत जाते तिकडे बघा. बारीक असतो, मुगाच्या दाण्याएवढा."

भोंग्याने ड्राइव्ह उचलला. अंगठा त्या बाजूवरून फिरवला आणि अंगठा मध्येच थांबला. तिथे काळी चिकटपट्टी होती.

मीही ती इतका वेळ बघत होते आणि मला दिसली नव्हती. तुम्ही नाटकातले नसाल तर तुम्हाला पहिल्यांदा तीच दिसली असती. आमच्याकडे अंधार म्हणजे अंधार. प्रवेश बदलताना रंगमंच काळा होतो, तेव्हा विंगेत सुईच्या टोकाएवढा उजेडही चालत नाही. पहिल्या रांगेतल्या माणसाला तो दिसतो आणि राजवाडा कोसळतो. म्हणून विंगेतल्या प्रत्येक यंत्राच्या प्रत्येक दिव्यावर काळी पट्टी. नवं यंत्र आलं की आधी पट्टी, मग पूजा, असं आम्ही म्हणायचो. टेबलावर नीट बघितलं तर पेटीच्या पुढच्या दिव्यावर पट्टी होती, स्पीकरच्या दिव्यावर पट्टी होती, चार्जरवरसुद्धा होती.

"मीच याचे डोळे बांधले," भोंगा म्हणाला. "तोंडही मीच बांधलं. आणि आता विचारतोय, बाबा रे, तुला काय होतंय."

"काय म्हणालात, काका?" फोन म्हणाला.

"काही नाही. थांबा."

पट्टी जुनी होऊन चिकटून बसली होती. त्याने नखाने खरवडून काढली. ड्राइव्ह लावला, वीज सुरू केली. दिवा लागला. हिरवा, मंद, आणि लगेच विझला. पुन्हा लागला, पुन्हा विझला.

"लागून विझतोय," मी फोनला सांगितलं, कारण भोंग्याने ड्राइव्हला कान लावला होता.

"मग त्याला वीज पुरत नाहीये. जुन्या ड्राइव्हच्या वायरला दोन तोंडं असायची. एक माहितीचं, एक नुसत्या विजेचं. दुसरं तोंड कुठेय?"

दुसरं तोंड वायरीला घडी घालून, दोऱ्याने बांधून, वर पट्टी मारून ठेवलेलं होतं. विंगेत एकही टोक लोंबतं ठेवायचं नाही, कुणीतरी अडखळून पडतं. माझ्यासारखीच एखादी सखी आरतीच्या ताटासकट पडते, आणि पडलीही होती. भोंग्याच्या हातांनी सवयीने ते बांधलं असणार. डोक्याला पत्ताही नसेल. आता त्या हातांना गाठ सुटेना. मी दातांनी सोडवली. माझे दात बहुतेक दिखाऊच आहेत, पण तेवढं काम त्यांनी केलं.

दोन्ही तोंडं मागच्या भोकांत बसली. त्याने वीज सुरू केली. दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. ड्राइव्हच्या पोटात सीडी फिरू लागली, आधी कुरकुरत, मग एका सुरात. यादीत नवी ओळ आली. ती त्याने सर्वांत वर नेली आणि कळ दाबली. आतली डिस्क जागी झाली, एकदा टक् केलं आणि गप्प बसली. पडद्यावर अक्षरं पळायला लागली.

मी टाळी वाजवणार होते. त्याने न बघता हात वर केला. प्रयोग संपला नव्हता.

फाइली दिसल्या. प्रत्येक शब्दाची एक, आणि सगळ्या वर्णमालेच्या क्रमाने लागलेल्या. पेन ड्राइव्ह लावून त्याने सगळ्यांची एकदम नक्कल करायला सांगितली, आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पुन्हा कान लावून बसला. मी पडद्यावर सरकणारी नावं वाचून दाखवत होते.

"इकडे ये. ऐक. कंटाळा. खिडकी. चहा. जा. झोप. थांब. दार लाव. दुखतंय. नको. नाही."

"हळू," तो म्हणाला. मला नव्हे, मशीनला.

"नीट बस," मी वाचलं. आणि ओळ तिथेच थांबली.

आतून टक् झालं. मग एक लांब, घासल्यासारखा आवाज, आगगाडी ब्रेक लावते तसा. मग काहीच नाही. त्याने स्क्रू-ड्रायव्हर कानापासून काढला नाही.

"गेली," तो शेवटी म्हणाला.

त्याने वीज बंद करून पुन्हा सुरू केली. ड्राइव्हचा दिवा लख्ख होता, सीडी फिरत होती, सगळं शहाण्यासारखं चालत होतं. फक्त आता यादीत आतली डिस्क नव्हती. पुन्हा केलं. पुन्हा नव्हती. फोनवरून संगणकवाल्याने आणखी दोन-तीन गोष्टी सांगितल्या, त्या केल्या. मग तो म्हणाला, "काका, जे आलं ते सांभाळा."

"काय काय आलं?" मी विचारलं, मलाच ठाऊक असून.

"न पर्यंत."

"म्हणजे पाणी..."

"नाही. 'पुरे' नाही, 'बरं' नाही, 'बस' नाही." त्याने पट्टीचे काळे तुकडे गोळा करून मुठीत धरले. "भ पण नाही."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या भूमिकांमध्ये मी कितीतरी पाठींवर हात ठेवलाय, आणि कुठे ठेवायचा हे मला पक्कं माहीत आहे. त्या दिवशी तो हात कुठे ठेवावा ते कळेना.

तरी त्याने काम सोडलं नाही. फळीची वायर माझ्या लॅपटॉपला लावली. संगणकवाल्याने फोनवरून एक छोटं सॉफ्टवेअर सांगितलं, त्यात एकेका बटणाला एकेक फाइल जोडली. काही बटणं मुकीच राहिली; त्यांवरची चित्रं त्याने काढली नाहीत. उरलेल्या शब्दांतून कापून जोडून आणखी काही करता येईल, म्हणाला, पण ते महिन्यांचं काम. डॉक्टरीणबाई सकाळी येणार होत्या.

त्याने सूप गरम केलं. मी बाईंना कुशीवरून वळवून, पाठीशी उशा लावून बसवलं. त्यांनी विरोध केला नाही, पण बघितलंही नाही. भोंग्याने फळी त्यांच्या डाव्या हाताखाली सरकवली आणि वाटी घेऊन समोर बसला.

"बाई, सगळं मिळालं नाही," तो म्हणाला. "अर्धं गेलं. माझी चूक."

बाईंचं बोट फळीवरून फिरलं. कोपऱ्यातल्या एका बटणावर गेलं. त्यावर भोंग्याचं चित्र होतं, लहान मुलं काढतात तसं, नळकांडं आणि त्यातून निघणाऱ्या रेषा. दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मग जोरात. खोलीत फक्त प्लास्टिकचा आवाज. भोंगा खाली बघत होता.

बोट दुसरीकडे गेलं. "थांब," बाईंचा आवाज म्हणाला, तोच, माडीवरच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. त्या स्वतःच दचकल्या. मग "च-हा". मग "नाही, नाही, नाही", तीनदा, बोट न उचलता. मला वाटलं, संपलं, आता पुन्हा भिंत.

"चहा देतो," भोंगा म्हणाला. "आधी हे थोडं घ्याल का?"

बोट हिरव्या बटणापाशी थांबलं. ते 'हो'चं होतं. एका जुन्या नाटकात नायक दूरच्या प्रवासाला निघतो आणि नायिकेला विचारतो, वाट बघशील? तिथला तो 'हो'. त्यांनी बटण दाबलं. शांतता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि पुन्हा दाबलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. मान डुलत होती, हो म्हणून की नाही म्हणून, कुणाला कळणार.

भोंग्याने त्यांचं बोट अलगद उचललं आणि मांडीवर ठेवलं. चमचा भरला, फुंकर घातली. आणि त्याच्या नेहमीच्या आवाजात बोलला. मी पलंगाच्या पायथ्याशी होते, मलाही पुढे वाकावं लागलं.

"असं करू, बाई. 'नाही' आहे आपल्याकडे. ते वाजलं नाही, की मी 'हो' धरीन. आता आ करा."